घर जळालं तर विमा नेमकं काय देतो?

‘घराचा विमा काढलाय का?’ असं कुणालाही विचारा. एक उत्तर हमखास मिळतं : ‘हो, लोन घेताना बँकेने काढला होता.’ मग तो कागद कुठे आहे, त्यात किती रक्कम लिहिलीय, तो अजून चालू आहे का, हे विचारलं की गाडी अडते. अनेकदा तो घराचा विमा नसतोच. तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर बँकेचं उरलेलं कर्ज फिटावं म्हणून काढलेला. स्वयंपाकघर जळून खाक झालं तर त्या कागदाचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी शक्यता अशी की विमा खरंच घराचा आहे, पण रक्कम कर्जाएवढी आहे आणि पॉलिसीवर बँकेचं नाव आहे. अशा वेळी भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. घरातल्या सामानाचा त्यात उल्लेख असेलच असं नाही. तिसरी शक्यता म्हणजे पहिल्या वर्षाचा हप्ता कर्जातून कापला गेला आणि पुढे कुणी नूतनीकरणच केलं नाही. तेव्हा आधी कपाटातली फाईल काढा आणि तीन गोष्टी बघा. विमा कशाचा आहे, कितीचा आहे आणि कधीपर्यंतचा आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं आणखी एक उत्तर असतं : ‘सोसायटीचा आहे ना.’ गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवण्याची तरतूद आहे, आणि बऱ्याच संस्था तो काढतातही. पण तो भिंती, स्लॅब, जिना, लिफ्ट यांचा. तुमचा फ्रिज, गाद्या, कपडे, मुलांचे लॅपटॉप त्यात नाहीत. शिवाय रक्कम वीस वर्षांपूर्वी ठरलेली असेल तर तीही कामाची नाही. वार्षिक सभेत पार्किंगवरून तासभर भांडण्यापेक्षा पाच मिनिटं त्या पॉलिसीची रक्कम विचारा. सेक्रेटरींनाही ती माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

आता मूळ मुद्दा. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एक प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असो, या पॉलिसीची मूळ कलमं सारखीच असतात. त्यामुळे तुलना सोपी झाली. हप्ता आणि सेवा बघायची, बाकी मजकूर तोच. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, वणवा, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, एवढं सगळं मूळ पॉलिसीतच येतं. यातली एखादी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली तर तीही धरली जाते. जळालेल्या घराची दारं-खिडक्या शाबूत नसतात, हे कलम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं म्हणायचं.

रक्कम कशी ठरवायची

इथे बहुतेकजण चुकतात. ठाण्यात फ्लॅटची बाजारात किंमत नव्वद लाख आहे म्हणून विमा नव्वद लाखांचा काढायचा नसतो. त्या किमतीत जमीन आहे, जागेचा भाव आहे, स्टेशन जवळ असण्याचे पैसे आहेत. आगीत यातलं काहीच जळत नाही. विमा असतो बांधकामाच्या खर्चाचा. कार्पेट क्षेत्रफळ गुणिले तुमच्या भागातला आजचा बांधकामाचा दर, एवढा हिशेब. ६५० चौरस फुटांचं घर आणि दर २,५०० रुपये धरला तर रक्कम होते १६ लाख २५ हजार. म्हणून हप्ताही लोकांना वाटतो त्यापेक्षा कमीच बसतो. दर कुठून मिळवायचा? ओळखीच्या ठेकेदाराला किंवा आर्किटेक्टला विचारा. दहा वर्षांपूर्वीचा दर लावू नका. क्षेत्रफळ मात्र करारनाम्यातलंच लिहा. हप्ता वाचवायला शंभर फूट कमी दाखवणं भरपाईच्या वेळी फार महागात पडू शकतं.

सामानाचं काय? इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, आणि जास्तीत जास्त १० लाख, इतकं सामान वेगळी यादी न देता आपोआप धरलं जातं. वरच्या उदाहरणात ते होतात सव्वातीन लाख. आता घरभर एक फेरी मारा. फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन एसी, टीव्ही, मिक्सर, मायक्रोवेव्ह, पलंग, कपाटं, सोफा, भांडीकुंडी. कपडे तर आपण मोजतच नाही, पण चौघांच्या घरातले कपडे नव्याने घ्यायचे म्हटले तर डोळे पांढरे होतात. लग्नातल्या पैठण्या वेगळ्याच. बेरीज सव्वातीन लाखांच्या पुढे गेली तर सामानाची रक्कम वाढवून घेता येते. त्यासाठी वस्तूंची यादी आणि किमती द्याव्या लागतात. रक्कम ठरवताना जुन्या फ्रिजची मोडीतली किंमत धरायची नसते, तशाच नव्या फ्रिजला आज किती पडतील ते धरायचं.

पूर्वीच्या अग्निविम्यात एक जाच होता. चाळीस लाखांचं बांधकाम वीस लाखांना विमित केलेलं असेल आणि नुकसान चार लाखांचं झालं, तर ‘तुम्ही निम्म्याचाच विमा काढलात’ म्हणून हातात दोनच लाख पडायचे. भारत गृह रक्षामध्ये हा नियम काढून टाकला आहे. म्हणून कमी रकमेचा विमा काढा असा याचा अर्थ नाही, कारण पूर्ण घर गेलं तर पॉलिसीवरच्या आकड्यापुढे कंपनी जात नाही. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते आणि अशा दीर्घ मुदतीत विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. नूतनीकरण विसरणाऱ्यांना हा पर्याय बरा.

फारसं कुणी न वाचलेलं एक कलम आहे भाड्याचं. आगीमुळे घर राहण्यायोग्य उरलं नाही तर दुरुस्तीच्या काळात तुम्ही दुसरीकडे घेतलेल्या घराचं भाडं पॉलिसीतून मिळू शकतं. घर तुम्ही भाड्याने दिलेलं असेल तर बुडालेलं भाडं. घर राहण्यायोग्य नाही असा आर्किटेक्टचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला त्यासाठी लागतो. मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, अभियंता यांची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते.

काय मिळत नाही

दागिने. आपल्याकडे बचत सोन्यात असते, आणि ते सोनं साध्या सामानाच्या विम्यात येत नाही. त्यासाठी ‘मौल्यवान वस्तू’ हे वेगळं कलम जोडून, मूल्यांकन करून घ्यावं लागतं. रोख रक्कम तर मिळतच नाही. कपाटात ठेवलेले लग्नाचे पैसे जळाले तर विमा कंपनी हात वर करते, आणि नियमानुसार तेच बरोबर आहे. वाहनांचा विमा वेगळा. ‘सोनं लॉकरमध्ये, पैसे बँकेत, कागदांच्या प्रती फोनमध्ये’ ही जुन्या माणसांची आणि नव्या पोरांची मिळून झालेली शिकवण इथे तंतोतंत लागू पडते.

आणखी एक वगळणूक नीट समजून घ्या, कारण वादाचं मूळ बहुधा तिथे असतं. एसीमध्ये शॉर्टसर्किट होऊन एसी जळाला आणि आग तिथेच विझली, तर त्या एसीची भरपाई मिळत नाही. पण त्या एसीतून भडका उडून पडदे, कपाट, शेजारचा टीव्ही जळाला तर या बाकीच्या वस्तू धरल्या जातात. वगळलं जातं ते फक्त जिथून दोष सुरू झाला ते यंत्र. ‘शॉर्टसर्किट म्हणजे क्लेम नाही’ असं कुणी सर्रास सांगत असेल तर त्याला पॉलिसीचं ते कलम दाखवायला सांगा.

घरातून धंदा चालवणाऱ्यांनी जास्त जपून राहायला हवं. दिवाळीचा फराळ, पापड-लोणची, शिवणकाम, साड्यांची विक्री. घराची पॉलिसी राहत्या घराची आणि घरगुती सामानाची असते. पलंगाखाली ठेवलेला दीड लाखांचा साड्यांचा माल त्यात धरला जाणार नाही. अशा छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे. बचत गटातल्या ताईंनी ती निदान विचारून तरी बघावी. भाडेकरूंनी फक्त सामानाचा विमा काढावा. भिंती घरमालकाच्या, त्यांची काळजी त्याने करावी.

आग लागते कुठे

विमा पैसे देतो, माणूस देत नाही. म्हणून आता घराकडे वळू.

घरातल्या आगीचं खापर सगळेजण शॉर्टसर्किटवर फोडतात. पण दोन तारा थेट चिकटल्या तर एमसीबी क्षणात पडतो. तो त्यासाठीच असतो. धोका जास्त असतो ढिल्या जोडणीत. सॉकेटमधला स्क्रू सैल आहे, प्लगची पिन नीट बसत नाही, जुन्या तारेला नवी तार नुसती पिळून टेप मारली आहे. अशा ठिकाणी वीज वाहत राहते, पण सांध्यात उष्णता साठते. विजेचं प्रमाण वाढलेलं नसल्याने एमसीबीला काही कळत नाही. प्लास्टिक महिनोन्महिने हळूहळू भाजत राहतं आणि एके रात्री पेट घेतं. म्हणून खुणा ओळखा. सॉकेट पिवळं किंवा तपकिरी पडलंय, प्लग काढताना हाताला गरम लागतो, बटण दाबल्यावर चरचर आवाज येतो, खोलीत प्लास्टिक तापल्यासारखा वास येतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर ती जागा वापरणं बंद करून वायरमनला बोलवा. ‘अजून चालतंय’ हे कारण नव्हे.

दुसरा घातकी प्रकार म्हणजे एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं. १६ अॅम्पियरचा पडतो, मग ३२ चा लावा. भिंतीतली तार तीच, पातळ. एमसीबी त्या तारेचा राखणदार असतो. त्याला झोपवलं की तार तापायला मोकळी. जुन्या वाड्यांत आणि चाळींत फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची खोड होती, तिचाच हा नवा अवतार. असं करायला तयार होणाऱ्या वायरमनला पुन्हा घरात घेऊ नका. एमसीबी सारखा पडत असेल तर भार वाटून घ्या किंवा एसीसाठी मीटरबोर्डापासून वेगळी तार ओढून घ्या. एसी, गीझर, इस्त्री, ओव्हन यांना एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नको. पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीत मूळ वायरिंग पंखे-दिव्यांपुरतं केलेलं असतं. घराला रंग काढताना त्याच खर्चात वायरिंग बदलून घ्या आणि सोबत ईएलसीबी बसवा. गळक्या विजेवर ते तुटतं, आणि ते आगीपेक्षाही शॉकपासून जास्त वाचवतं.

गॅसचं बहुतेकांना ठाऊक असतं, तरी दोनच गोष्टी सांगतो. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. वर्ष नळीवरच छापलेलं असतं. आणि सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत, ओट्याखाली, मोरीकडे साचतो. वास आला की बटण चालू करू नका, बंदही करू नका, दोन्ही वेळा ठिणगी उडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या क्रमांकावर कळवा. पाइपचा गॅस मात्र हलका, तो छताकडे जातो, म्हणून तिथे वरची खिडकी उघडी हवी. सिलिंडर घेताना त्याच्या कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. ती सिलिंडरच्या तपासणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर परत पाठवा.

याच ओघात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. तेल कंपन्यांनी सिलिंडरच्या अपघातांसाठी सामूहिक विमा उतरवलेला आहे. नोंदणीकृत पत्त्यावर अपघात झाला तर मालमत्तेच्या नुकसानीसाठी घटनेमागे २ लाखांपर्यंत, मृत्यूसाठी माणशी ६ लाख आणि उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत तरतूद आहे. त्यासाठी तुम्ही वेगळा हप्ता भरत नाही. वितरकाला लगेच लेखी कळवायचं, एवढंच. घर बदललं पण गॅसचा पत्ता बदलला नाही, अशी घरं कितीतरी. तो पत्ता आजच बदला.

सणासुदीचं थोडं स्पष्ट बोलतो, रागावू नका. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा तेवत ठेवायचा, तोही लाकडी देव्हाऱ्यात, मागे साटिनचा पडदा, आणि रात्री सगळे झोपलेले. दिवा पितळी परातीत पाणी घालून मधोमध ठेवा, पडदा नऊ दिवस काढून ठेवा, वर काचेची चिमणी घाला. श्रद्धा तेवढीच राहते. गौरी-गणपतीच्या मखरात कापडाच्या घडीमागे दडवलेली दिव्यांची स्वस्त माळ रात्री बंद करा. चकल्या तळताना कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, मोठं झाकण वा ताट सरकवून ठेवा आणि गार होईपर्यंत उचलू नका. ते झाकण तळायला बसण्याआधीच शेजारी काढून ठेवावं.

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी दाराजवळ किंवा जिन्यात रात्रभर चार्जिंगला लावू नका. ती पेटली तर तुमची बाहेर पडायची वाटच बंद होते. चार्जर कंपनीचाच वापरा.

वाट मोकळी आहे का

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली. सुरुवात तळमजल्यावरच्या वाहनांपाशी आणि तिथे साठवलेल्या जुन्या कपड्यांपाशी झाली. धूर जिन्यातून वर चढला. किमान सात जणांचा जीव गेला. सोसायटीच्या पार्किंगमधला भंगाराचा ढीग, पॅसेजमधली चपलांची कपाटं, जिन्याखालच्या गाद्या यांकडे या नजरेने बघा. धूर नेहमी जिना शोधतो, आणि आपल्यालाही तोच जिना हवा असतो.

२२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये आग लागली तेव्हा तिथे राहणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलीने घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना ओलं कापड नाकावर धरून श्वास घ्यायला लावला. शाळेत शिकलेलं तिला आठवलं. ओलं कापड विषारी वायू अडवत नाही, पण काजळी आणि धग कमी करतं, आणि त्याहून मोठं म्हणजे घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला देतं. धुरात वाकून, जमिनीलगत सरका. लिफ्ट नको. बाहेर पडताना पेटलेल्या खोलीचं दार ओढून घ्या, त्याने आग पसरायला वेळ लागतो. जिन्यातच धूर भरला असेल तर घरात थांबून दाराच्या फटीत ओले कपडे कोंबा आणि खिडकीतून दिसत राहा. फोन १०१ किंवा ११२.

खिडक्यांना पेटीसारख्या जाळ्या लावल्या असतील तर त्यातली निदान एक उघडती करून घ्या, आणि किल्ली सगळ्यांना ठाऊक असू द्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. तुमच्या इमारतीचं शेवटचं प्रमाणपत्र कधीचं आहे, हे कार्यकारिणीला लेखी विचारा. घरात स्वयंपाकघराच्या दाराजवळ, ओट्यापासून दूर, एक छोटं एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघत जा. मारा ज्वाळांच्या शेंड्यावर करू नका, बुडावर करा. अर्ध्या मिनिटात आटोक्यात आली नाही तर नाद सोडा आणि बाहेर पडा.

आग विझल्यानंतर

पहिला मोह होतो साफसफाईचा. नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काही हलवू नका, फेकू नका. धोका टाळायला काही हलवावंच लागलं तर आधी भरपूर फोटो आणि व्हिडिओ काढा. कंपनीला त्याच दिवशी फोनवर आणि ईमेलने कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. अग्निशमन दलाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, वस्तूंची बिलं एवढं जमवायचं असतं. बिलं जळालेली असतात, हीच तर खरी अडचण. त्यावर उपाय आधीच करून ठेवावा लागतो. वर्षातून एकदा फोनवर घराचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, यंत्रांवरचे मॉडेल क्रमांक दिसतील असा. तो आणि पॉलिसीचं पीडीएफ घराबाहेरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, गावातल्या भावाला किंवा पुण्यातल्या मावशीला.

सर्व्हेअर कंपनीच्या बाजूचाच, असं धरून त्याच्याशी भांडायला जाऊ नका. त्याला मोजमापं द्या, कागद द्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. दावा नाकारला किंवा फार कापला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात, वकील लागत नाही आणि शुल्क एक पैसाही नाही.